दोन्ही दिशांनी

डॉक्टरने मला ‘काकू’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. तोवर मी शहाण्यासारखी बसले होते. छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला लटकवलेली डबी अख्खा दिवस आणि रात्र अंगावर वागवली होती, तारा निघतील म्हणून उताणी पडून छताकडे बघत रात्र काढली होती, आणि सकाळी ती डबी परत देऊन, नंबर येईपर्यंत बाकावर बसून, समोरच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा कधी गळून पडेल याचा अंदाज बांधत होते. माझी सवयच आहे ती. भिंत दिसली की मी आधी भेग बघते, मग भिंत. “काकू, तुमचं हृदय मधूनच थांबतं,” डॉक्टर म्हणाला. वयाने माझ्या लेकीच्या आसपासचा. त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. एकसारखी टोकं, टोकं, टोकं, आणि मग नुसती सपाट रेघ; पुढे पुन्हा टोकं, जसं काही झालंच नाही. “इथे बघा. आणि इथे. इथे तर बराच वेळ. बँकेच्या रांगेत तुम्ही पडलात ना, ते यामुळेच.” मी म्हटलं, पडले नाही, खाली बसले. “बरं, बसलात,” तो म्हणाला, आणि त्या ‘बरं’मध्ये एवढी समजूत होती की मला त्याच्या हातातलं पेन काढून घ्यावंसं वाटलं. मग छातीत बसवायच्या यंत्राबद्दल त्याने सगळं नीट सांगितलं. पेसमेकर, कातडीखाली, छोटासा, हृदय थांबलं की तो त्याला हलकासा धक्का देतो, भीतीचं काही नाही. जाता जाता विचारावं तसं त्याने विचारलं, “तुम्ही काम काय करता?” मी म्हटलं, लोखंडातले तडे शोधते. तो हसला. कशाने, म्हणाला. मी म्हटलं, मॅग्नेटने. विजेवर चालतो, हातात धरायचा. तेव्हा त्याचं पेन थांबलं.

“ते आता बंद करावं लागेल,” तो म्हणाला. “तसलं मॅग्नेट हातात धरायचं नाही. जवळसुद्धा नको. पेसमेकरचं गणित बिघडतं.” आणि पेसमेकर बसवलाच नाही तर, मी विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की उत्तर मिळालंच. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, “आता आराम करा की काकू. खूप केलंत.” खूप केलंत म्हणे. मी काय केलं, किती केलं, याला काय ठाऊक. मी त्याला विचारलं, बँकेतून मला इथे आणलं त्या दिवशी तुमच्या नर्सने ईसीजीची पट्टी काढली होती, ती साफ होती की नाही? तो म्हणाला, ती थोड्या सेकंदांची असते, तेवढ्या वेळात काही झालं नाही एवढंच तिच्यावरून कळतं. मी म्हटलं, तेवढं सांगा, साफ होती की नाही. “साफ होती,” तो म्हणाला. मग झालं तर, म्हणून मी पिशवी उचलली. आठवड्याभरात बसवून घ्या, उशीर नको, असं तो मागून सांगत होता. विचार करून सांगते, मी म्हटलं, कापडाच्या दुकानातून काही न घेता बाहेर पडताना म्हणतात तसं.

घरी फोन करायचा होता, केला नाही. बाहेर ऊन होतं, रस्त्याच्या कडेला कोणीतरी खणून ठेवलं होतं आणि लोक त्या खड्ड्याला वळसा घालून चालले होते, मीही घातला. खांद्यावर मॅग्नेटची पिशवी होती. दवाखान्यातून थेट कामावर जायचं म्हणून सकाळीच घेऊन निघाले होते, आणि आत शिरताना दारावरच्या माणसाने ‘यात काय आहे’ विचारलं तेव्हा ‘डबा’ म्हणून सांगितलं होतं. दिसायला ते अवजार काहीच नाही. दोन पाय, मधे मूठ, मुठीत एक खटका, आणि वायर. पाय गुडघ्यात दुमडतात, हवे तसे पसरता येतात. लोखंडावर आधी पांढरा पातळ रंग फवारायचा, तो सुकला की दोन्ही पाय टेकवायचे, खटका दाबायचा, आणि पायांच्या मधे काळी शाई सोडायची. शाई कसली, तेलात कालवलेली लोखंडाची बारीक पूड. लोखंड धड असेल तर शाई वाहून जाते. तडा असेल तर पूड तिथे गोळा होते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते, केसाएवढी, कधी केसाहून बारीक. डोळ्याला जे दिसत नाही ते असं वर येतं. पुस्तकात त्याला योक म्हणतात, आम्ही सगळे मॅग्नेटच म्हणतो. खटका दाबला की मूठ गुणगुणते. ती गुणगुण तळव्यातून कोपरापर्यंत चढते आणि काम संपल्यावरसुद्धा हातात रेंगाळत राहते. जेवताना, वेणी घालताना, झोपेत कूस बदलताना. आता या पोराने सांगायचं की ती नको. माझ्याच छातीत, माझ्याच कातडीखाली काहीतरी ठेवायचं, आणि त्याला माझा हात चालणार नाही.

बसमध्ये खिडकी मिळाली. मला वस्ताद आठवले, ज्यांनी हे काम मला शिकवलं. आम्ही सगळे त्यांना वस्तादच म्हणायचो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या शेडमध्ये बाई म्हणून फक्त झाडणारी होती. रोज सकाळी मॅग्नेटची ताकद तपासायची पद्धत असते. एक जडसा लोखंडी ठोकळा असतो, तो मॅग्नेटने उचलून दाखवायचा, उचलला तर मॅग्नेट कामाचा. त्या दिवशी शेडमधले सगळे पुरुष हातातली कामं टाकून उभे राहिले, ही बया ठोकळा उचलते का ते बघायला. मी उचलला. खांद्यापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला, मुद्दाम, त्यांची तोंडं बघत. एकजण म्हणाला, जोर आहे हो बाईत. वस्ताद म्हणाले, “अरे मूर्खांनो, परीक्षा मॅग्नेटची आहे, तिची नाही.” पण ती माझीच होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पुढे कितीतरी वर्षं ती चालूच राहिली. उंच टाकीवर चढायचं तर ‘ताई, तुम्ही खाली थांबा, आम्ही सांगतो तुम्हाला काय दिसतं ते.’ नळाच्या आत सरपटत जायचं तर ‘अहो, कशाला.’ पोटुशी होते तेव्हा आमच्या कंपनीच्या साहेबांनी खुर्ची दिली, आणि खुर्ची दिल्यावर ती परत घ्यायचं नावच काढेनात. लेक तीन महिन्यांची असताना मी त्यांच्यासमोर ती खुर्ची उचलून गोदामात ठेवून आले. तेव्हाही सगळे मायेनेच बोलत होते. मला नापास करणारा एकही माणूस आजवर रागाने बोललेला नाही, आणि मला चीड त्याचीच येते.

घरात मात्र माझ्या मॅग्नेटला दाराच्या आत जागा नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. खालच्या गल्लीत त्याची टीचभर टपरी आहे आणि उरलेलं काम तो घरी आणतो, खिडकीपाशी टेबलावर पसरतो. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या मावशीने विचारलं होतं, मुलगी काय करते, आणि त्याने सांगितलं होतं, लोखंड तपासते. मावशी म्हणाली, तव्याचं का? लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या टेबलावर मॅग्नेटची वायर जोडून खटका दाबून बघितला आणि गिऱ्हाइकाचं जुनं किल्लीचं घड्याळ पिसाळल्यासारखं पुढे पळायला लागलं. लोहचुंबकाच्या वाऱ्याला गेलं की आतली बारीक स्प्रिंग स्वतःलाच चिकटते, ही माझ्या ज्ञानात पडलेली भर. तेव्हापासून पिशवी जिन्याच्या कोपऱ्यात, खास तिच्यासाठी ठोकलेल्या लाकडी पेटीत. पेटी त्यानेच ठोकली, वरून कुलूपही लावलं, आणि तीसेक वर्षांत एकदाही ‘ते काम सोड’ म्हणाला नाही. हे एक त्याचं मानलं पाहिजे. रोज संध्याकाळी मी जिन्यात पेटीचं कुलूप लावते तो आवाज आला की तो आत चहाचं पाणी ठेवतो.

आजची कामाची जागा म्हणजे मोठे नळ बनवायचा कारखाना. डोक्यावरून क्रेन जाते आणि तिच्या आकड्याला, म्हणजे हूकला, अडकवून नळ या टोकाकडून त्या टोकाकडे नेतात. खालून माणसं जात-येत असतात, जेवणाचे डबे घेऊन, फोनवर बोलत. क्रेन दुरुस्तीला काढली होती म्हणून हूक उतरवून स्टँडवर ठेवला होता आणि तो तपासायचा होता. माझ्या कमरेएवढा उंच हूक, तेल पुसून लख्ख केलेला. लंब्या आधीच येऊन बसला होता. लंब्या माझा कामातला जोडीदार, दहाएक वर्षांपासूनचा, चाळिशी ओलांडलेला, उंचीमुळे कायम थोडा वाकून बोलणारा. रंग आणि शाई तो मारतो, मॅग्नेट मी धरते. “ताई, काय म्हणाले डॉक्टर?” त्याने विचारलं. काय म्हणणार, मी म्हटलं, पट्टी साफ आहे. त्याला बरं वाटलं. त्याने रंग फवारला आणि आम्ही सुकायची वाट बघत उभे राहिलो. कारखान्याचा फोरमन तिथेच घुटमळत होता. त्याला सगळे ‘सबुरी’ म्हणतात, कारण प्रत्येक गोष्टीत ‘जरा सबुरीनं घ्या’ म्हणायची त्याला सवय आहे, आणि आज नेमकी त्याला घाई होती, कारण बाहेर नळ रचून ठेवलेले होते आणि क्रेन दुपारपर्यंत चालू व्हायची होती.

मी मॅग्नेट काढला, वायर जोडली, खटका दाबून बघितला. गुणगुण हातात आली आणि मला इतकं बरं वाटलं की त्या डॉक्टरची कीवच आली. मी हूकच्या मानेपासून सुरुवात केली. पाय टेकव, दाब, शाई, बघ, सोड; पाय फिरव, टेकव, दाब. मान झाली. मग वाकून पोटाकडे आले, जिथे सगळा भार बसतो, आणि तिथेच कोणीतरी दिवा मंद करावा तसं झालं. पडले नाही. हे मी परत सांगते, पडले नाही. मॅग्नेट हातातून सुटला नाही, पण खटक्यावरचं बोट माझं आहे असं क्षणभर वाटलं नाही. मग उजेड परत आला, कारखान्याचा आवाज परत आला, आणि लंब्याचा हात माझ्या कोपराखाली होता. “बसा ताई. उन्हातून आलात. राहिलेलं मी करतो.” सबुरीने स्टूल पुढे केलं. आणि मी बसले, आणि मॅग्नेट लंब्याच्या हातात दिला. दहा वर्षांत पहिल्यांदा. देताना मला आपल्याच हाताचा राग आला, इतक्या सहज दिला म्हणून. पाणी प्यायले. लंब्याला येत नाही असं नाही, तो शिकलेला आहे, परीक्षा पास झालेला आहे. पण त्याच्या उंच पाठीमागे तो हूक मला दिसत नव्हता, आणि नुसती गुणगुण ऐकू येत होती, दुसऱ्याच्या हातातून येणारी. आपल्या स्वयंपाकघरात दुसरी बाई भांडी आपटतेय आणि आपण पलंगावर पडून ऐकतोय, तसं काहीतरी.

“साफ आहे,” लंब्या वळून म्हणाला. सबुरीच्या चेहऱ्यावरचे स्नायू सैल पडले. चला, म्हणाला, मग मी पोरांना चढवायला सांगतो. एवढं लवकर, मी विचारलं. लंब्या म्हणाला, हो, स्वच्छ आहे ताई, पोटात काही नाही. पाय कसे टेकवलेस, मी विचारलं. त्याने हाताने दाखवलं, असे, हूकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडवे. आणि मग? त्याने मान वळवून हूककडे बघितलं. मी उठले. आमच्या कामातली ही एकच चूक अशी आहे की जी अडाणी माणूस करूच शकत नाही, त्यासाठी शिकावं लागतं. मॅग्नेटचे पाय तडा ओलांडून, एक अलीकडे एक पलीकडे, पडले तर रेघ उठते. तड्याच्याच दिशेने पडले तर मॅग्नेटचा जोर तड्याच्या बाजूने निघून जातो, त्याला हातही लावत नाही, आणि लोखंड धुतल्या तांदळासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक जागा दोनदा बघायची, एकदा अशी, मग पाय फिरवून तशी. सगळ्यांना पाठ असतं. पण हूकच्या पोटात आडवे पाय मस्त बसतात आणि उभे पाय टेकवायचे तर गुडघे दुमडून, मनगट वाकडं करून, जवळजवळ झोपून धरावं लागतं. माणूस दमलेला असतो, समोर कोणीतरी घाई करत असतो, आणि एक दिशा स्वच्छ आलेली असते. स्वच्छ आलेलं बघून माणसाला पुढे बघावंसं वाटत नाही, एवढीच गोष्ट आहे.

मी लंब्याच्या हातातून मॅग्नेट काढून घेतला. जमिनीवर गुडघे टेकले, मॅग्नेटचे पाय दुमडून वळणाच्या दिशेने टेकवले आणि खटका दाबला. “शाई,” मी म्हटलं. शाई वाहत आली, पोटाच्या मधोमध थबकली, आणि रेघ उठली. माझ्या करंगळीएवढी लांब, भार बसतो तिथेच, आडवी. मी खटका सोडला, पुसलं, परत रंग, परत मॅग्नेट, परत शाई. रेघ परत त्याच जागी. लंब्याचा चेहरा बघवत नव्हता, पण मी बघितला. सबुरी खाली वाकला आणि म्हणाला, “ओरखडा असेल हो.” मी म्हटलं, घासून बघा. त्याच्या माणसाने हलक्या हाताने घासलं, मी परत तपासलं, रेघ जागची हलली नाही. मग तो सुरू झाला. इतकी वर्षं हा हूक चालतोय, ताई. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित काम करत होता. कुठे काही आवाज नाही, कुरकुर नाही. इतकीशी तर रेघ. आणि अजून थोडे दिवस चालवू, भार कमी टाकू, मग बदलू की. मी त्याला विचारलं, हूकच्या कानात सांगणार का, आजपासून बेताने तूट म्हणून? आजूबाजूचे हसले. तो चिडला नाही, उलट आवाज खाली आणून आर्जवाने म्हणाला, “आज तुमचा हाच माणूस एकटा आला असता तर हूक पास झाला असता. म्हणजे बघितलं नसतं तर काही नव्हतंच ना.” बघितलं नसतं तर काही नव्हतंच. मी त्याला म्हटलं, बघितलं नसतं तरी होतंच. तुम्ही खालून जाता तेव्हाही होतं. मी हूकवर लाल रंगाने फुली मारली, मोठी, खडूने नाही, रंगाने, आणि त्याला सांगितलं की हा हूक परत वर गेला तर मी स्वतः खाली येऊन उभी राहीन, मग न्या माझ्या डोक्यावरून नळ. तो सबुरीनं घ्या म्हणाला नाही.

परतीच्या बसमध्ये मी जिंकल्यासारखी बसले होते. खरंच जिंकल्यासारखी. बघा म्हणावं त्या डॉक्टरला. एका दुपारी मी मॅग्नेट दुसऱ्याच्या हातात दिला तर काय झालं ते बघा. मी आराम करायचा, आणि कारखान्या-कारखान्यातून लंब्या आडवे पाय टेकवत फिरणार, आणि खालून माणसं डबे घेऊन चालणार. लंब्या शेजारीच बसला होता, मांडीवर रंगाचे डबे, नजर पायांकडे. शेवटी म्हणाला, “ताई, मला सुचलंच नाही पाय फिरवायचं. म्हणजे सुचलं, पण वाटलं, स्वच्छ तर आहे.” मी त्याला मोकळं केलं नाही. करायला हवं होतं कदाचित, पण मला तो राग हवा होता, तो मला टेकू देत होता. छातीत एकदा काहीतरी अडखळलं आणि मी खिडकीबाहेर बघितलं. दुकानं, पाट्या, एका घराच्या कठड्याला वरून खालपर्यंत भेग. मनात हिशेब मांडला. पेसमेकर नाही, मॅग्नेट आहे. पहिली पट्टी साफ आहे. बँकेत त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं, आज उन्हातून आले. इतकी वर्षं हे हृदय चालतंय. कुठे दुखत नाही, खुपत नाही. जिने कमी चढीन. उंच टाकीचं काम लंब्याला देईन. भार कमी करीन. अजून थोडे दिवस तर जाऊ दे.

घरी पोचले. पेटीचं कुलूप लावलं. आत चहाचं पाणी ठेवल्याचा आवाज झाला. नवरा दारात आला नाही, ओट्यापाशीच पाठमोरा उभा राहून म्हणाला, “दवाखान्यातून फोन आला होता. तू फोन उचलत नव्हतीस म्हणून त्यांनी घरी केला.” म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मी खुर्चीत बसून चपला काढल्या आणि म्हटलं, ते लोक घाबरवतात, पट्टी साफ आहे. तो म्हणाला, लेकीचाही फोन आला होता, तिला मी सांगितलं. कशाला सांगितलंत, मी म्हटलं, ती आता रजा काढून येईल आणि मला उशी देऊन बसवेल. तो चहा गाळत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी एकटीच भांडत होते, दोन्ही बाजूंनी. अहो, इतकी वर्षं चालतंय, मी म्हटलं. परवा संध्याकाळपर्यंत मी व्यवस्थित काम केलं. इतकंसं थांबतं म्हणे, त्याचा एवढा बाऊ. बघितलं नसतं तर कळलंही नसतं कोणाला. बोलता बोलता माझा आवाज मला ओळखीचा वाटला आणि तरी मी थांबले नाही. तुम्हीच बघा, मी म्हटलं, आणि हात त्याच्यापुढे केला. धरा नाडी. बघा चालतंय की नाही.

त्याने चहाची भांडी बाजूला ठेवली, हात पुसले आणि माझं मनगट धरलं. त्याची बोटं बारीक कामाची आहेत, हलकी आहेत, त्याने धरलंय हे कळतसुद्धा नाही. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता. तो मान थोडी तिरकी करून उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, “लागतंय की. एकसारखं आहे.” आणि त्याने हात सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचे स्नायू सैल पडलेले मी बघितले. हेच मला हवं होतं. आता चहा प्यायचा, लेकीला फोन करून ओरडायचं, आणि सकाळी पेटी उघडायची. आणि माझ्या तोंडून, कोणी विचारलं नसताना, जसं इतकी वर्षं निघत आलंय तसं निघालं, “एवढं लवकर?”

तो बघतच राहिला. “एवढ्यात काय कळलं तुम्हाला?” मी म्हटलं, आणि माझा राग आता कोणावर होता ते मलाच सांगता येईना. पट्टी साफ होती म्हणून सकाळपासून मी ज्याला त्याला सांगत सुटले होते, डॉक्टरला, लंब्याला, याला. एक दिशा बघून. लंब्याची चूक निदान हूकपुरती होती. मी त्याला बसमध्ये माफ केलं नाही आणि स्वतः तेच, त्याच तोंडाने. माझी मला अशी शरम वाटली की कानशिलं तापली. “धरा परत,” मी म्हटलं. “आणि मी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही.”

त्याने धरलं. चहा निवत गेला. खालून कोणीतरी कोणाला हाक मारली, कोणीतरी ओ दिली. मी मनगटाकडे बघत नव्हते, मला आतलं काहीच कळत नाही हे आता मला पक्कं माहीत होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ तिथे काही नव्हतं, रोजचा माणूस, नाकावर चष्म्याचा डाग. मग त्याच्या बोटांनी मनगट जरा दाबलं. मग आणखी दाबलं. त्याने श्वास घेतला नाही. त्याचे डोळे वर आले आणि मी समोर बसलेली असताना तो माझ्याकडे असं बघायला लागला की जसं मला शोधतोय. मग त्याचा श्वास सुटला. मला काहीच झालं नव्हतं. मी तिथेच होते, भिंतीवर ऊन होतं, मला कणभरही काही वाटलं नव्हतं. “परत,” मी म्हटलं. “पुरे गं,” तो म्हणाला. मी म्हटलं, एकदाच दिसलं तर ते हिशेबात धरत नाहीत, परत. आणि तो बिचारा धरून उभा राहिला, डोळे मिटून, आणि दुसऱ्यांदा ते झालं तेव्हा त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसायलासुद्धा हात सोडला नाही.

“नापास,” मी म्हटलं. माझ्या आवाजात मला रडू ऐकू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. माझा आवाज कामावरचा होता. हा निकाल माझा होता. माझ्यावर आजवर लोकांनी मायेने लाल फुल्या मारल्या, आणि मी एकूण एक पुसल्या. ही पुसायची नव्हती, कारण ही मी मारली होती, दोन्ही दिशांनी बघून. ‘आणि मॅग्नेट?’ असं नवऱ्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, त्याने विचारलं नाही. मी मोकळ्या हाताने फोन घेतला आणि लंब्याला लावला. सांगितलं, माझ्या छातीत यंत्र बसणार आहे, मॅग्नेट यापुढे तू धरायचा. मी चार हात लांब उभी राहीन. तू खटका सोडलास आणि मॅग्नेट बाजूला नेलास की मी पुढे येऊन बघणार. रेघ मी वाचणार, निकाल मी देणार. साहेबांना चालणार नसेल तर त्यांनी माझ्यासमोर येऊन तसं सांगावं, खुर्ची देऊन नाही. पलीकडून लंब्या म्हणाला, “ताई, तुम्ही घरी नीट आराम केलात तरी चालेल. मी आता नाही चुकणार.”

“चुकशील,” मी म्हटलं. “सगळेच चुकतात. म्हणून तर मी येणार आहे.”